‘म’ला अडखळलेला नट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भाचा अकरावीत आहे, बोलताना अडखळतो आणि आता नाटकाच्या वर्गाला जायचं म्हणतो. घरात एक बाजू म्हणते, चारचौघांत हसं कशाला करून घ्यायचं. दुसरी बाजू त्याला अमेरिकन नट जेम्स अर्ल जोन्सचं नाव सांगते, तोही तोतराच होता म्हणून. तुम्हाला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: त्यांचा तोतरेपणा बरा कसा झाला, तो आवाज जन्मजात होता की कमावलेला, आणि ‘स्टार वॉर्स’मधल्या काळ्या मुखवट्याला आवाज देण्यापलीकडे या माणसानं काय केलं.

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण घरातला वाद त्यावरच आहे. तोतरेपणा बरा झाला नाही. जोन्स ९३ वर्षांचे होऊन ९ सप्टेंबर २०२४ रोजी वारले आणि म्हातारपणापर्यंत मुलाखतींमधून हेच सांगत राहिले की मी तोतराच आहे, फक्त त्याच्यासकट काम कसं करायचं ते शिकलो. मी २८ वर्षं नटांना वाचिक, म्हणजे आवाज आणि बोलणं, शिकवतो. माझ्याकडे आलेल्या तोतऱ्या मुलांच्या पालकांना हे पहिल्याच दिवशी सांगितलं की त्यांचे चेहरे पडतात. त्यांना जादूची गोष्ट हवी असते. जोन्स यांची खरी गोष्ट जादूची नाही, आणि म्हणूनच ती तुमच्या भाच्याच्या कामाची आहे.

जन्म १७ जानेवारी १९३१, मिसिसिपी राज्यातलं अर्काबट्ला गाव. वडील रॉबर्ट अर्ल जोन्स मूल जन्माला येण्याच्या सुमारासच घरातून निघून गेले. आई पोटापाण्यासाठी बाहेर, त्यामुळे पोराला वाढवलं आजी-आजोबांनी, म्हणजे आईच्या आईवडिलांनी. मूल पाच वर्षांचं असताना हे सगळं कुटुंब दक्षिण सोडून उत्तरेला, मिशिगनमधल्या डब्लिन नावाच्या खेड्याजवळ शेतीवर गेलं. त्या काळात लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं अशी दक्षिणेतून उत्तरेकडे जात होती. जोन्स स्वतः म्हणत की घर तुटण्याच्या त्या धक्क्यानं आपण तोतरे झालो. आजचे स्पीच थेरपिस्ट हे कारण जसंच्या तसं मान्य करणार नाहीत. तोतरेपणा बहुतेक मुलांत दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो, आणि त्याची मुळं मेंदू बोलण्याच्या हालचाली कशा जुळवतो यात असतात, बऱ्याचदा आनुवंशिकही असतात. धक्का, टिंगल, भीती यांनी तो वाढतो. तेव्हा ‘तू लहानपणी घाबरलास म्हणून असा झालास’ हे वाक्य भाच्यासमोर कुणी बोलत असेल तर ते आधी बंद करा.

शाळेत हा मुलगा बोलेनासा झाला. एक-दोन महिने नव्हे, तब्बल आठ वर्षं. घरच्या माणसांशी जेमतेम, शेतावरच्या जनावरांशी मोकळेपणानं, आणि वर्गात एक शब्द नाही. शिक्षकांनीही ते मान्य केलं होतं, परीक्षेची उत्तरं तो लिहून द्यायचा. मला या कहाणीतला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो आणि तो नेहमी घाईघाईनं उरकला जातो. आठ वर्षं जो बोलत नाही तो ऐकत असतो. कोण कुठे श्वास घेतं, खोटं बोलताना कुणाचा सूर कुठे चढतो, आजी रागावली की तिचं बोलणं जलद होतं की सावकाश. पुढे नट झाल्यावर ही शिदोरी किती उपयोगी पडली असेल हे मी वर्गातल्या मुलांवरून ताडू शकतो. घडाघडा बोलणारी मुलं समोरच्याचं वाक्य ऐकतच नाहीत, आपली पाळी कधी येते एवढंच बघत असतात.

आणखी एक गोष्ट. त्या गप्प वर्षांतच त्याचा आवाज फुटला. म्हणजे बाकीच्या मुलांना आपला आवाज घोगरा होत होत खाली उतरतो आहे हे रोज ऐकू येतं, याला ते ऐकायला मिळालं नाही. तोंड उघडलं तेव्हा आतून एका पुरुषाचा खर्ज आला.

तोंड उघडलं ते डोनाल्ड क्राउच नावाच्या शिक्षकांमुळे. ते पूर्वी कॉलेजात शिकवलेले, कवितेचे वेडे. त्या वर्षी सरकारी मदतीतून गावात ग्रेपफ्रूट आले होते. (आपल्या पपनसाचं जवळचं नातलग, चवीला किंचित कडवट.) मिशिगनच्या थंडीत ते फळ खाऊन हा मुलगा इतका खूश झाला की त्यानं त्याच्यावर कविता लिहिली, लाँगफेलो या अमेरिकन कवीच्या ‘हायावाथा’च्या ठेक्यावर. क्राउचनी ती वाचली आणि वर्गासमोर म्हणाले की ही इतकी चांगली आहे की तुझी वाटत नाही. तुझीच असेल तर उभा राहा आणि पाठ म्हणून दाखव. मुलगा उभा राहिला, सगळी कविता म्हणाला, आणि एकदाही अडखळला नाही.

ही गोष्ट ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझं लक्ष ठेक्याकडे जातं. लाँगफेलोची ती कविता ढोलासारखी वाजते, एक ठोका जोरात, एक हलका, ओळीमागून ओळ तशीच. तोतरेपणात अडचण असते ती पुढचा आवाज कधी सुरू करायचा याची, आणि छंद तो क्षण आधीच ठरवून देतो. म्हणूनच तोतरी माणसं गाताना अडखळत नाहीत, सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणताना अडखळत नाहीत. माझ्याकडे एक मुलगा यायचा, स्वतःचं नाव सांगताना घामाघूम व्हायचा. त्याची आजी मला म्हणाली, ‘अहो, रामरक्षा म्हणताना कधी अडकत नाही हो!’ तिला ते देवाचं देणं वाटत होतं. मी ते खोडून काढलं नाही, पण आमचं काम त्या अनुष्टुभापासूनच सुरू झालं.

तेव्हा क्राउचनी मुलाला बरं केलं असं नाही. त्यांनी त्याला एक दार दाखवलं की शब्द आधीच ठरलेले असतील, पाठ असतील, त्यांना लय असेल तर ते बाहेर येतात. त्यानंतर त्याला रोज कविता मोठ्यानं वाचायला लावली, वक्तृत्वात उतरवलं. नाटकाची संहिता म्हणजे तरी दुसरं काय असतं?

पण लगेच नाटकाकडे वळले असं झालं नाही. मिशिगन विद्यापीठात आधी डॉक्टर व्हायचं म्हणून प्रवेश घेतला, मग नाट्यशास्त्राकडे आले. मध्ये लष्करात अधिकारी म्हणून नोकरी, कोलोरॅडोच्या डोंगरांत थंडीतल्या युद्धाचं प्रशिक्षण. त्याच काळात मिशिगनमधल्या मॅनिस्टी गावच्या रॅम्सडेल थिएटरात सुतारकाम, रंगमंच व्यवस्थापन आणि मिळेल ती भूमिका. तिथंच १९५५ मध्ये पहिल्यांदा शेक्सपिअरचा ऑथेल्लो केला. सुताराच्या हातोडीपासून ऑथेल्लोपर्यंत एकाच रंगमंचावर, हे मला आवडतं. आपल्याकडेही प्रायोगिकमध्ये ज्यानं विंगा उचलल्या नाहीत त्याच्या अभिनयावर आम्ही जुनी मंडळी जरा संशयच घेतो.

लष्करातून सुटल्यावर न्यूयॉर्क. माजी सैनिकांना मिळणाऱ्या सरकारी शिक्षणमदतीवर ‘अमेरिकन थिएटर विंग’मध्ये अभिनयाचं शिक्षण आणि खर्चासाठी रखवालदारी, साफसफाई. वडिलांशी खरी ओळख झाली ती याच काळात. रॉबर्ट अर्ल जोन्स तरुणपणी मुष्टियोद्धे होते, नंतर नट झाले. पन्नाशीच्या दशकातल्या कम्युनिस्टविरोधी लाटेत त्यांचं नाव काळ्या यादीत गेलं आणि कामं बंद झाली. (‘द स्टिंग’ बघितला असेल तर त्यातला ल्यूथर आठवा, तेच हे.) मुलगा आणि वडील असे नाटकाच्याच गावात भेटले.

१९५७ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, पहिलं पाऊल पडलं ते बदली नट म्हणून. मग १९५८ मध्ये कोर्ट थिएटरात ‘सनराइज ॲट कॅम्पोबेलो’ हे फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या आजारपणावरचं नाटक. जोन्स यांची भूमिका घरच्या नोकराची, आणि एक वाक्य साधारण असं की मिसेस रूझवेल्ट, जेवण वाढलंय. ‘मिसेस’मधल्या ‘म’वर ते अडकले. प्रेक्षागृह भरलेलं, समोरची नटी वाट बघते आहे, आणि ओठ मिटलेले ते मिटलेलेच. शेवटी वाक्य आलं, नाटक पुढे गेलं. ही गोष्ट ते पुढे अनेक वर्षं हसत सांगत.

इथे माझ्या धंद्यातलं थोडं सांगतो, भाच्याला उपयोगी पडेल. प, ब, म या आवाजांना ओठ पूर्ण मिटावे लागतात. घाबरलेला माणूस ते आवळून मिटतो, मागून हवा ढकलतो, आणि जितकी ढकलतो तितकं दार घट्ट होतं. उपाय उलटा असतो. थोडी हवा आधी सोडायची, ओठ नुसते टेकवायचे आणि ‘म’ला गुणगुणल्यासारखं हलकं येऊ द्यायचं. हे आरशासमोर शंभरदा केलं की एकदा रंगमंचावर होतं. जोन्स दुसराही एक मार्ग वापरत. न येणारा शब्द टाळून त्याच अर्थाचा दुसरा घ्यायचा. मुलाखतीत ते चालतं, लेखकानं लिहिलेल्या संवादात चालत नाही. त्यामुळे त्यांचा शब्दसाठा वाढला हे खरं, पण थेरपिस्ट या सवयीला फारसे अनुकूल नसतात, कारण टाळता टाळता भीती वाढते. भाच्याला ही युक्ती आपण होऊन शिकवू नका. तो ती वापरतच असणार.

साठच्या दशकात नशीब पालटलं. १९६१ मध्ये ज्याँ जने या फ्रेंच नाटककाराचं ‘द ब्लॅक्स’ ऑफ-ब्रॉडवेला, म्हणजे न्यूयॉर्कच्या छोट्या नाट्यगृहांच्या रंगभूमीवर, लागलं. त्यात जोन्स यांच्याबरोबर कोण होतं बघा: सिसली टायसन, माया अँजेलू, लुई गॉसेट ज्युनियर, रॉस्को ली ब्राउन. पुढच्या तीस वर्षांचा कृष्णवर्णीय अभिनय एका छोट्या नाट्यगृहात जमला होता. नाटकाचे १४०० च्या वर प्रयोग झाले. दुसरीकडे जोसेफ पॅप यांची संस्था सेंट्रल पार्कमध्ये फुकट शेक्सपिअर करत होती. १९६२ मध्ये डेलाकोर्ट हे खुलं नाट्यगृह सुरू झालं ते ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’नं. शायलॉक जॉर्ज सी. स्कॉट आणि मोरोक्कोचा राजपुत्र जोन्स. सिनेमा दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक स्कॉटला बघायला आले आणि जोन्सलाही घेऊन गेले. १९६४ चा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ हा त्यांचा पहिला सिनेमा, बॉम्बर विमानातल्या एका लेफ्टनंटची छोटी भूमिका. मोठा वाटा नव्हता, पण पार्कात उघड्या आकाशाखाली, वारा आणि विमानांच्या घरघरीत मिळवलेला होता.

आता ‘द ग्रेट व्हाइट होप’. जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता. त्यानं गोऱ्यांना रिंगणात हरवलं, वर गोऱ्या बायकांबरोबर राहिला, म्हणून त्याला खटल्यात गुंतवून देशोधडीला लावलं गेलं. त्याच्या आयुष्यावर हॉवर्ड सॅक्लर यांनी हे नाटक लिहिलं. नायकाचं नाव नाटकात जॅक जेफरसन. १९६७ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजवर, आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये ब्रॉडवेवर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन लूथर किंग यांचा खून झाला होता. अशा वेळी डोक्याचा चकोट केलेला, व्यायामानं अंग कमावलेला एक धिप्पाड माणूस रंगमंचावर येऊन हसतो, छाती काढतो, आणि अंकागणिक मोडत जातो. १९६९ चं टोनी, ब्रॉडवेवरचं सर्वांत मानाचं पारितोषिक, त्यांना मिळालं. १९७० मध्ये सिनेमा झाला आणि ऑस्करचं नामांकन आलं. सिडनी पॉइटिए यांच्यानंतर प्रमुख अभिनेत्याचं नामांकन मिळालेले ते दुसरे कृष्णवर्णीय नट. बक्षीस गेलं ‘पॅटन’साठी जॉर्ज सी. स्कॉटला, त्याच शायलॉकला, आणि त्यानं ते नाकारलं!

तो सिनेमा जरूर बघा, पण आवाज ऐकायला नाही. या माणसाचं शरीर बघायला. खर्जाची इतकी चर्चा झाली आहे की जोन्स हे अंगानं अभिनय करणारे नट होते हे लोक विसरूनच गेले.

सत्तरच्या दशकात बरंच काही झालं. ‘द मॅन’मध्ये अमेरिकेचा कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष (१९७२ मध्ये, बराक ओबामा तेव्हा अकरा वर्षांचे होते). ‘क्लॉडिन’मध्ये डायन कॅरोलबरोबर कचरा गोळा करणारा, उमदा, गोंधळलेला प्रियकर. १९७३ मध्ये डेलाकोर्टला लिअर राजा, वय अवघं ४२. त्या प्रयोगाचं चित्रीकरण झालेलं आहे. मला स्वतःला तो लिअर पहिल्या अंकात जरा जास्त गर्जतो असं वाटतं. वेड लागल्यावरचे प्रसंग मात्र थक्क करतात, कारण तिथे आवाज हातात राहत नाही आणि ते तो राखायचा प्रयत्नही करत नाहीत.

मग पॉल रोब्सन यांच्यावरचा एकपात्री प्रयोग. रोब्सन हे गायक, नट, वकील, चळवळे, आणि १९४३ मध्ये ब्रॉडवेवर ऑथेल्लो करणारे. जोन्सनी त्यांची भूमिका करावी यात सगळ्यांना आनंद व्हायला हवा होता. झालं भलतंच. रोब्सन यांच्या मुलानं आणि अनेक नामवंत कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांनी जानेवारी १९७८ मध्ये जाहीर निवेदन काढलं की हे नाटक रोब्सन यांना बोथट करतं. सही करणाऱ्यांत जेम्स बाल्डविन होते, आणि ‘द ब्लॅक्स’मधल्या सहकारी माया अँजेलूही. जोन्सना हा घाव लागला. त्यांनी प्रयोग थांबवला नाही.

याच सुमारास, १९७७ मध्ये, ती तुमची ‘स्टार वॉर्स’ची गोष्ट. डार्थ व्हेडरचा काळा वेश घालून फिरणारा देह इंग्लंडच्या ब्रिस्टलमधल्या डेव्हिड प्राउज यांचा. त्यांचे गावरान हेल दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकसना खलनायकाला शोभेनात, म्हणून चित्रीकरणानंतर दुसरा आवाज शोधला गेला. जोन्स गेले, अडीच तासांत काम उरकलं, सात हजार डॉलर घेतले, आणि पैसे मिळाले म्हणून खूश होऊन घरी आले. पहिल्या दोन्ही सिनेमांत त्यांचं नाव श्रेयनामावलीत नाही, ते त्यांच्याच इच्छेनं. मी नुसता स्पेशल इफेक्ट आहे, नट प्राउज आहे, असं ते म्हणत. तो श्वासाचा आवाजही त्यांचा नाही. बेन बर्ट या ध्वनिकारानं पाणबुड्याच्या श्वासयंत्रातून तो काढला.

मग जोन्सनी काय केलं? माझ्या वर्गात मी हे काम मुद्दाम ऐकवतो, कारण त्यात जवळजवळ काहीच केलेलं नाही. ल्यूकसना भावनेचा चढउतार नको होता, सूर एका अरुंद पट्टीत हवा होता. नवशिक्या नटाला खर्ज मिळाला की तो खर्ज वापरतो, म्हणजे गुरगुरतो, घशातून खर काढतो. व्हेडर गुरगुरत नाही. प्रत्येक शब्दाचं शेवटचं व्यंजन पूर्ण होतं, वाक्य संपेपर्यंत श्वास पुरतो, आणि महत्त्वाच्या शब्दाच्या आधी एक अगदी बारीकसा थांबा असतो. तो थांबा मला नेहमी त्या कोर्ट थिएटरातल्या ‘म’ची आठवण करून देतो. पुढचा शब्द येईल ना, याची आयुष्यभर खात्री नसलेला माणूस शब्दाच्या उंबरठ्यावर जसा थांबतो तसा. हा माझा अंदाज आहे, ते स्वतः असं म्हणाल्याचं मी वाचलेलं नाही. दुसऱ्या भागात व्हेडर नायकाला आपण त्याचा बाप असल्याचं सांगतो, ते वाक्य पहिल्यांदा वाचल्यावर मात्र त्यांना वाटलं होतं की व्हेडर थापा मारतोय.

आवाज जन्मजात की कमावलेला, याचं उत्तरही इथेच देतो. पट्टी जन्मजात. स्वरतंतू लांब आणि जाड असले की आवाज खाली जातो, त्याला इलाज नाही. पण खर्ज लाभलेली माणसं बँकेत, एसटीत, लग्नाच्या पंगतीत कितीतरी भेटतात आणि त्यांचं बोलणं तीन हातांवर कळत नाही, कारण खालचे आवाज सहज गढूळ होतात. जोन्स यांचं खालचं बोलणंही शेवटच्या रांगेला स्पष्ट कळायचं, ती कमाई. आपण ‘बेंबीच्या देठापासून’ म्हणतो ते ओरडण्यासाठी. खरं तर हळू बोलायलाच बेंबीचा देठ जास्त लागतो.

१९८१-८२ मध्ये पुन्हा ऑथेल्लो, या वेळी क्रिस्टोफर प्लमर यांचा इयागो. आधी कनेक्टिकटमध्ये, मग ब्रॉडवेवर. समीक्षकांनी प्लमरना डोक्यावर घेतलं. ऑथेल्लोच्या नटाच्या नशिबी हे नेहमीचंच असतं. इयागो प्रेक्षकांशी थेट बोलतो, त्यांना कटात सामील करून घेतो. ऑथेल्लोला फक्त फसायचं असतं. जोन्सनी ती भूमिका आयुष्यात पुन्हा पुन्हा केली आणि तिला दणदणीत न करता सभ्य, शांत करत नेलं. १९६४ च्या प्रयोगातल्या डेस्डिमोना, म्हणजे ऑथेल्लोची बायको झालेल्या ज्युलियन मारी, त्यांच्या पहिल्या पत्नी झाल्या आणि या वेळच्या एक डेस्डिमोना, सिसिलिया हार्ट, दुसऱ्या. यावर ब्रॉडवेवर विनोद झाले नसतील असं मानणं कठीण आहे.

आता माझ्या मते सर्वांत मोठं काम: ऑगस्ट विल्सन यांचं ‘फेन्सेस’. दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स. १९८५ मध्ये येल रेपर्टरी थिएटरात आणि मार्च १९८७ मध्ये ब्रॉडवेवर. ट्रॉय मॅक्सन हा पिट्सबर्गचा कचरा गाडीवरचा कामगार. तरुणपणी कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमध्ये बेसबॉलचा उत्तम खेळाडू, पण मोठ्या लीगची दारं उघडली तेव्हा याचं वय निघून गेलेलं. मुलगा कोरी फुटबॉलमध्ये चमकतो आहे, त्याला शिष्यवृत्ती मिळते आहे, आणि बाप आडवा येतो. मत्सर की भीती, हे नाटक सांगत नाही. एका प्रसंगात मुलगा विचारतो, मी तुम्हाला आवडत का नाही? ट्रॉय जे उत्तर देतो त्याचा मथितार्थ असा की तुला खायला घालतो, छप्पर देतो, ते माझं कर्तव्य आहे म्हणून, आवडायलाच हवं असा कायदा कुठे आहे?

हा प्रसंग वाईट नटाच्या हातात गेला तर बाप राक्षस होतो. जोन्स तो जवळजवळ मजेत सुरू करत, मुलाची फिरकी घेतल्यासारखा, आणि मग हळूहळू तुमच्या लक्षात येई की या माणसाला कुणी कधी ‘आवडून’ घेतलेलंच नाही, त्याला ही भाषाच येत नाही. बाप निघून गेलेला, आजोबांकडे वाढलेला, वडिलांना विशी ओलांडल्यावर ओळखू लागलेला नट हे बोलतो आहे, हे मनात ठेवून बघा. १९८७ चं टोनी त्यांना मिळालं, ट्रॉयची बायको रोझ हिच्या भूमिकेसाठी मेरी ॲलिस यांना मिळालं, नाटकाला टोनी आणि पुलित्झर दोन्ही. दुर्दैवानं या प्रयोगाचे तुकडेच चित्रित स्वरूपात बघायला मिळतात. जे मिळतील ते तीनदा बघा.

यानंतरच्या सिनेमांची यादी मोठी आहे, मी पळवतो. ‘कमिंग टू अमेरिका’तला राजा, ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’मधला माणूसघाणा झालेला लेखक, ‘हंट फॉर रेड ऑक्टोबर’मधला ॲडमिरल, दक्षिण आफ्रिकेतल्या ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’मधला पाद्री. हा शेवटचा फारसा कुणी बघत नाही, तुम्ही बघा. १९९१ मध्ये एकाच वर्षी टीव्हीवरच्या कामासाठी दोन एमी पारितोषिकं. एका वृत्तवाहिनीचं नाव उच्चारणारे तीन शब्द, ‘धिस इज सीएनएन’, जगभर गाजले. ‘लायन किंग’मधला सिंहराजा मुफासा १९९४ मध्ये, आणि २०१९ च्या नव्या चित्रपटात जुन्यांपैकी फक्त त्यांचाच आवाज परत घेतला गेला.

पण सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा पाय वळले ते नाटकाकडेच. २००८ मध्ये ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’, २०१० मध्ये व्हनेसा रेडग्रेव्हबरोबर ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’. हेच नाटक लंडनला चालू असताना, २०११ च्या नोव्हेंबरात, दुपारच्या प्रयोगानंतर रंगमंचावरच त्यांना मानद ऑस्कर देण्यात आलं, आणि द्यायला आले होते बेन किंग्जली, आपले पडद्यावरचे गांधीजी. २०१५ मध्ये ८४ वर्षांचे जोन्स आणि त्यांच्याहूनही वडील सिसली टायसन ‘द जिन गेम’ करत होते, दोन म्हातारी माणसं, पत्त्यांचा डाव आणि आठवड्याला आठ प्रयोग. मधुमेह वीसेक वर्षांपासून सोबतीला होताच. २०२२ मध्ये ब्रॉडवेवरच्या एका नाट्यगृहाला त्यांचं नाव दिलं गेलं. ते नाट्यगृह म्हणजे कोर्ट थिएटर, ‘मिसेस’वर अडकले होते तेच.

त्याच वर्षी आणखी एक बातमी आली. व्हेडरचा आवाज यापुढे संगणकानं घडवावा म्हणून त्यांनी आपल्या जुन्या ध्वनिमुद्रणांची परवानगी दिली आणि युक्रेनमधल्या एका कंपनीनं तो तयार केला. मला हे कितपत रुचलं, हा वेगळा विषय. एवढं म्हणतो की यंत्र पट्टी आणि पोत हुबेहूब काढतं, थांब्याची जागा मात्र त्याला कुणीतरी सांगावी लागते.

तर भाच्याला वर्गाला पाठवा. त्याआधी एकदा स्पीच थेरपिस्टला दाखवा. नाटकाचा वर्ग हा थेरपीला पर्याय नाही, आणि तसं सांगणाऱ्या वर्गात घालू नका. शिक्षकांना आधीच सांगून ठेवा की तो अडकला तर कुणी वाक्य पूर्ण करून देऊ नये, आणि ‘सावकाश बोल, घाबरू नको’ असंही म्हणू नये. नुसतं थांबावं. सुरुवात गद्य संवादानं करू नका. छंदातलं काहीतरी, त्याला आवडणारं, मग ते तुकोबांचा अभंग असो की रॅप असो. पंधरा दिवसांनी त्याच ओळी ठेका काढून, बोलल्यासारख्या म्हणायला सांगा. तिथे तो अडकेल. अडकू दे. तिथून पुढचं काम माझ्यासारख्यांचं.